होकाराची थकबाकी

वकिलाला अशील असतो, वैद्याला रोगी असतो, उपाध्यायाला यजमान असतो आणि दुकानदाराला गिऱ्हाईक असते. परंतु मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी लिहून देणाऱ्या माणसाच्या दारी जो काम घेऊन येतो, त्याच्यासाठी मराठीने आजवर एकही शब्द राखून ठेवलेला नाही. त्याला वाचक म्हणावे, तर तो पुष्कळदा वाचत नाही. आश्रयदाता म्हणावे, तर तो आश्रय देत नाही. आणि प्रकाशक किंवा संपादक म्हणावे, तर त्या विस्तीर्ण वर्गाची ती एक लहानशी पोटजात आहे. शेवटी सगळेजण निमूटपणे ‘क्लायंट’ म्हणून मोकळे होतात. ही उणीव केवळ कोशकारांची अडचण असती, तर तिची चर्चा येथे करण्याचे कारण नव्हते. पण जेथे नाव नाही तेथे बहुधा रिवाजही नसतो. अशील आणि वकील यांच्यामध्ये वकीलपत्र असते, यजमान आणि उपाध्याय यांच्यामध्ये मुहूर्त आणि दक्षिणा असते. मुक्त लेखक आणि त्याचा क्लायंट यांच्यामध्ये मात्र पुष्कळदा फोनवरचे एक वाक्य एवढाच काय तो दस्तऐवज असतो: ‘एवढं करून द्या ना, तुम्हाला काय, दोन दिवसांचं काम!’

काम नसलेल्या लेखकाविषयी समाजाला थोडीफार सहानुभूती असते, निदान तशी ती बोलून दाखविण्याची पद्धत आहे. काम फार झालेल्या लेखकाने तक्रार केली, तर ऐकणारा मनात म्हणतो, ह्याला पोटभर मिळते म्हणून अजीर्ण सुचते आहे. मला स्वतःला बावीस-तेवीस वर्षांच्या अनुभवानंतर असे दिसते की, ह्या धंद्यातील उपास आणि अजीर्ण ही दोन निराळी दुखणी नसून एकाच दुखण्याचे दोन झटके आहेत. आणि कामाच्या दाटीवर आजवर जे उपाय लोकांनी योजले, उपदेशिले अथवा नुसते सोसले, ते पुष्कळसे निष्फळ का ठरले, ह्याचा उलगडा हे ध्यानात घेतल्यावाचून होत नाही.

मराठी मुक्त लेखकाचे वर्ष चांद्रमानाने चालते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा आपण लेखक नावाच्या प्राण्याला एक स्वतंत्र सुगी बहाल करीत आहोत, ह्याची त्यांना बहुधा कल्पना नसावी. आज दिवाळी अंक शेकड्यांनी निघतात. त्यांच्या संपादकांची आमंत्रणे ज्येष्ठ-आषाढात येतात, मजकूर श्रावणात मागितला जातो, भाद्रपदात मुद्रिते तपासावी लागतात आणि आश्विनात अंक बाजारात येतो. एवढेच असते तर ते सुसह्य होते. पण सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, त्यामुळे बँका आणि पतसंस्था यांचे अहवाल आणि अध्यक्षांची मनोगते श्रावण-भाद्रपद ह्याच दोन महिन्यांत लिहून हवी असतात. गणेश मंडळांच्या स्मरणिका त्याच सुमारास निघतात. आणि दसरा-दिवाळीच्या जाहिरातींचा मजकूर तर सगळ्यांच्या आधी पाहिजे असतो. म्हणजे चार निरनिराळ्या शेतांतील पिके एकाच पंधरवड्यात कापणीला येतात आणि विळा एकच असतो. कार्तिकी एकादशी उलटली की फोन मुका होतो, आणि माघापर्यंत लेखक मागील मानधनांच्या वसुलीची पत्रे लिहिण्यात कालक्रमणा करतो.

(अधिक मासाविषयी येथे दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. पुढील वर्षी श्रावण अधिक आला आणि ते १२ नोव्हेंबरला गेले. ऐन लेखनाच्या हंगामात असा सबंध महिना आगंतुकपणे पदरात पडणे, ह्याहून मोठे दान धोंड्याच्या महिन्यात जावयालाही कोणी दिले नसेल. पण मी आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक लेखकांनी त्या महिन्यात हाती असलेली कामे पुरी केली नाहीत. आणखी कामे घेतली.)

ज्यांचा दिवाळीशी संबंध नाही असे नवे व्यवसायबंधूही आहेत. मालिकांचे संवाद लिहिणाऱ्यांना बारमाही सुगी असते; भागांची जी ‘बँक’ साठवून ठेवायची ती एकदा सरली की सकाळी लिहिलेले दुपारी चित्रित होते, आणि मग आजारी पडण्याचीही सोय उरत नाही. उपशीर्षके, डबिंग, बोलती पुस्तके, अनुवाद, कारखानदारांच्या आत्मचरित्रांचे शब्दांकन, हे सर्व प्रकार गेल्या दोन दशकांत वाढले. कामे वाढली ही तक्रार नव्हे. ती एकमेकांना ओळख न देता वाढली, प्रत्येक क्लायंटला आपण लेखकाचे एकमेव क्लायंट आहोत असे वाटत राहिले, आणि लेखकानेही तो गैरसमज प्रेमाने जोपासला.

आता एका योगायोगाकडे वळतो. मित्रांचा दिवाळी अंक निघाला त्याच १९०९ साली, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला असलेल्या आग्नर क्रारुप एर्लांग ह्या गणितज्ञाने दूरध्वनींच्या येण्याजाण्यातील अनियमिततेविषयी आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. किती तारा ठेवल्या म्हणजे किती लोकांना ताटकळावे लागेल, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. पण त्यातून रांगेचे जे शास्त्र पुढे उदयास आले, ते दवाखान्याला, बंदराला, न्यायकचेरीला आणि लेखकाच्या मेजालाही सारखेच लागू पडते. त्याचा एक साधा निष्कर्ष असा. काम करणारा एकटा आहे, कामे वेळीअवेळी येतात आणि त्यांची लांबीही कमीजास्त असते, असे धरले, आणि हा मनुष्य आपल्या वेळेपैकी निम्मा वेळच गुंतलेला असला, तर नव्या कामाला हात लागेपर्यंत सरासरीने एका कामाला लागतो तेवढा वेळ वाट पाहावी लागते. तोच शेकडा ८० गुंतलेला असला, तर चार कामांइतकी. शेकडा ९० गुंतलेला असला, तर नऊ कामांइतकी. आणि शेकडा ९५ गुंतलेला असला, तर एकोणीस कामांइतकी. एक काम सरासरी दोन दिवसांचे धरले, तर ही प्रतीक्षा अनुक्रमे २, ८, १८ आणि ३८ दिवस होते.

हे आकडे मी प्रथम पाहिले तेव्हा माझा त्यांवर विश्वास बसला नाही, कारण आपल्या सर्वांच्या मनात एक हिशेब पक्का बसलेला असतो: थोडे अधिक काम घेतले, तर थोडा अधिक उशीर होईल. प्रत्यक्षात शेकडा ८० वरून ९५ वर जाणाऱ्या लेखकाचे उत्पन्न एकपंचमांशानेही वाढत नाही. त्याच्या क्लायंटची प्रतीक्षा मात्र पावणेपाचपट होते. शेवटची तीन-चार कामे, जी आपण ‘एवढ्यात काय होते’ म्हणून स्वीकारतो, तीच आधीच्या सगळ्या कामांची मुदत मोडतात. आणि गंमत अशी की, त्या कामांचे मानधन बहुधा सर्वांत कमी असते, कारण ती भिडेखातर घेतलेली असतात. अर्थात लेखक म्हणजे टेलिफोनची तार नव्हे. तार थकत नाही, तारेला पुतणीच्या साखरपुड्याला जावे लागत नाही, आणि तारेकडे येणारे फोन सगळे नवमीच्या दिवशी ठरवून येत नाहीत. पण हे सर्व फरक लेखकाच्या विरुद्धच जमेस धरावे लागतात. शास्त्राने दिलेला आकडा हा आपल्या बाबतीत उदार अंदाज समजावा.

कामाला किती वेळ लागेल हे आपल्याला मुळात कळते काय, हा पुढचा प्रश्न. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो केव्हा पुरा होईल असे विचारले, तेव्हा त्यांनी सरासरीने सुमारे ३४ दिवस सांगितले. सगळेच विपरीत घडत गेले तर किती लागतील असे विचारल्यावर ४८-४९ सांगितले. आणि प्रत्यक्षात लागले ५५ हून अधिक. म्हणजे माणसाची निराशासुद्धा पुरेशी निराश नसते. ह्यात विद्यार्थ्यांचा अननुभव फारसा कारण नसावा. मुरलेले लेखकही तसेच चुकतात, कारण ते फक्त लिहिण्याचा वेळ मोजतात. अध्यक्षांच्या मनोगताची चार पाने लिहायला एक दुपार पुरते, हे खरेच आहे; पण त्याआधी अध्यक्षांची भेट मिळण्यासाठी केलेले सहा फोन, भेटीत त्यांनी मनोगत सोडून सांगितलेले राजकारण, नंतर उपाध्यक्षांनी सुचविलेला ‘छोटासा बदल’, त्या बदलावर अध्यक्षांची नाराजी, आणि ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘अगदी फायनल’ अशा नावांनी व्हॉट्सॲपवर हिंडणाऱ्या प्रती, ह्यांची नोंद कोणत्याही रोजकीर्दीत होत नाही. मी एका वर्षी हट्टाने अशी नोंद ठेवली होती. लेखणी कागदावर टेकलेली असण्याचा वेळ एकूण वेळेच्या निम्माही भरला नाही, तेव्हा मी ती वही कपाटात टाकली आणि अंदाज पूर्वीप्रमाणेच सांगत राहिलो.

ह्या अंदाजांनी मला जे दिवस दाखविले, त्यांपैकी एक येथे सांगणे भाग आहे. एका वर्षी श्रावणात माझ्याकडे तीन दिवाळी अंकांचे लेख, एका पतसंस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आणि एका कारखानदारांच्या आत्मचरित्राचे शब्दांकन, अशी पाच कामे एकाच वेळी होती. पतसंस्थेचे संस्थापक आणि आमचे कारखानदार हे दोघेही गरिबीतून वर आलेले. दोघेही अनवाणी शाळेत गेलेले. दोघांच्याही मातोश्री दळणे दळीत. मी सकाळी एकाचे बालपण लिहीत असे आणि रात्री दुसऱ्याचे. स्मरणिका छापून आली, तेव्हा संस्थापकांच्या चरित्रात त्यांनी वयाच्या चौदाव्या वर्षी थोरल्या भावाबरोबर विहीर खणल्याचा एक हृद्य प्रसंग होता. ती विहीर कारखानदारांची होती. संस्थापकांना थोरला भाऊच नव्हता. मी पंधरा दिवस फोनची घंटा वाजली की दचकत होतो. पण फोन आला तो स्मरणिका फार सुरेख झाली आहे हे सांगण्यासाठी, आणि ‘ते विहिरीचं वाचून आमच्या संचालकांचे डोळे पाणावले’ असेही त्यात होते. चूक पकडली गेली असती, तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. कारखानदारांच्या पुस्तकातून मला ती विहीर काढून टाकावी लागली, आणि ती कोठे गेली हे ते मला दोनदा विचारते झाले. त्यांना मी काय उत्तर दिले, ते लिहिण्याची माझी इच्छा नाही.

आता उपायांकडे. सर्वांत जुना आणि सर्वांत प्रतिष्ठित उपाय म्हणजे शिस्त. तिचा अध्वर्यू इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलॉप. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसत असे. वेळेवर उठवून कॉफी आणून देण्यासाठी म्हाताऱ्या नोकराला वर्षाला ५ पौंड जादा देत असे. पुढ्यात घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहीत असे. आणि रोज किती पाने झाली ह्याचा तक्ता राखून आपल्याच आळसाला आपल्यासमोर जाबजबाबासाठी उभे करीत असे. अशा रीतीने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या, आणि हे सर्व त्याने आत्मचरित्रात सांगून टाकले. ते १८८३ मध्ये, त्याच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. आजही प्रत्येक उत्पादकतेच्या उपदेशकाला हे घड्याळ हाताशी लागते. पण ट्रोलॉपची गोष्ट सांगणारे एक बाब गाळतात. १८६७ पर्यंत तो टपाल खात्याचा पगारी अधिकारी होता. महिन्याच्या महिन्याला सरकारी पगार येत असल्यामुळे त्याला कोणत्याही प्रकाशकाच्या पहिल्या फोनला, किंवा त्या काळच्या फोनच्या ठिकाणी जे काही असेल त्याला, होकार देण्याची निकड नव्हती. घड्याळाने त्याचा उरक वाढविला असेल. दाटी टाळली ती पगाराने.

पगार नसलेल्या लेखकाचे काय होते, ह्याचे अत्यंत धगधगीत उदाहरण दस्तयेव्हस्कीचे आहे. १८६५ साली कर्जाने गांजलेल्या अवस्थेत त्याने स्टेलोव्हस्की नामक प्रकाशकाकडून ३,००० रूबल घेतले आणि १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत एक नवी कादंबरी देण्याचे कबूल केले. मुदत चुकल्यास पुढील नऊ वर्षे तो जे काही लिहील ते विनामूल्य छापण्याचा हक्क प्रकाशकाला मिळावयाचा होता. इकडे ‘गुन्हा आणि शिक्षा’ मासिकातून क्रमशः चालू होती. ऑक्टोबर उजाडला तरी दुसऱ्या कादंबरीचे एक पानही नव्हते. मित्रांनी सुचविले की, आपण सगळे मिळून एकेक भाग लिहून देऊ. ते त्याने मानले नाही. शेवटी आन्ना ग्रिगोर्येव्हना ह्या वीस वर्षांच्या लघुलेखिकेला बोलावून त्याने ४ ऑक्टोबरपासून तोंडी सांगण्यास आरंभ केला आणि सव्वीस दिवसांत ‘जुगारी’ पुरी झाली. पुढे त्याने तिच्याशी विवाह केला, म्हणून ही कथा लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. मला तीतील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. मुदतीच्या दिवशी प्रकाशक गावातून पद्धतशीरपणे नाहीसा झाला होता. तेव्हा लेखकाने हस्तलिखित पोलीस ठाण्यात नेऊन दिले आणि त्याची रीतसर पोच घेतली. ज्याने आयुष्यभर हिशेबाशी वैर केले, तो त्या एका संध्याकाळी कारकुनासारखा वागला, आणि म्हणून वाचला.

काम दुसऱ्या हातांत वाटून देणे हा दुसरा उपाय. अलेक्झांडर द्यूमाने ऑग्युस्त माके ह्या सहकाऱ्याच्या साहाय्याने कादंबऱ्यांचा कारखाना चालविला. प्रकरण अखेर न्यायालयात गेले, आणि माकेला पैसे मिळाले, नाव मिळाले नाही. डॉ. जॉन्सनने १७४६ साली इंग्रजी कोशाचे काम १,५०० गिनींच्या ठोक रकमेवर घेतले, सहा लेखनिक ठेवले आणि तीन वर्षांची मुदत सांगितली. कोश बाहेर पडला १७५५ साली, आणि तोवर लेखनिकांचे पगार त्याच ठोक रकमेतून गेले. संगणक व्यवसायात फ्रेडरिक ब्रुक्सने १९७५ साली एक वचन रूढ केले की, आधीच उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे घातली की ते आणखी लांबते, कारण नव्या माणसाला समजावून देण्याचे काम जुन्याच माणसावर पडते. लेखनात हे शतगुणित खरे आहे. मी एकदा एका होतकरू मुलाला दोन प्रकरणे वाटून दिली. त्याची वाक्ये माझ्यापेक्षा चांगली होती, आणि नेमके त्यामुळेच ती बाकीच्या पुस्तकात बसेनात. दोन रात्री जागून मी ती माझ्या पातळीवर आणली.

येथे कोणी बाबूराव अर्नाळकरांचे नाव घेईल. एका माणसाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहाव्यात, त्याही स्वहस्ते, हे पाहता आमच्या पाच कामांच्या दाटीची कथा ती काय? ही शंका मला फार काळ छळीत होती. आता वाटते की, अर्नाळकरांचे ओझे प्रचंड होते, पण ते एकजिनसी होते: झुंजार, धनंजय, काळा पहाड हीच माणसे, तोच वाचक, तोच साचा. मुक्त लेखकाला जे मोडते ते वजन नव्हे, तर वाण. सकाळी पतसंस्था, दुपारी तुपाची जाहिरात, रात्री विहीर. सोफी लेरॉय ह्या संशोधिकेने २००९ मध्ये दाखविले की, एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळणाऱ्याच्या मनात पहिल्याचा गाळ उरतो आणि दुसरे काम त्या गाळातून करावे लागते. माझ्या विहिरीचे पाणी त्याच गाळाने गढूळ झाले होते. आणि साचा एक असला तरी कालगतीने ओझे होतेच: हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ स्वतःच काढले, स्वतःच चालविले, त्यातून कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या, आणि तरीही त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. तेथे तर तगादा लावणारेही तेच होते आणि चुकविणारेही तेच.

आता मूळ प्रश्नाकडे. लेखक एवढे होकार देतो का? लोभ, कीर्ती, भीड ही कारणे सांगितली जातात, आणि ती खोटी नाहीत. पण माझ्या जमाखर्चाच्या वह्या मी पुन्हा चाळल्या, तेव्हा एक गोष्ट निरपवादपणे आढळली: ज्या वर्षी माघ-फाल्गुनात थकबाकी मोठी होती, त्याच वर्षी आषाढात मी सर्वांत अधिक कामे घेतली. दिलेल्या लेखाचे मानधन सहा महिन्यांनी येणार, त्यातूनही शेकडा १० करकपात होऊन येणार, कदाचित् येणारच नाही, असे असले म्हणजे शहाणा मनुष्य काय करील? चार ठिकाणी पेरील. दोन बुडाली तरी दोन उगवतील. म्हणजे जी दाटी भाद्रपदात दिसते, तिची पेरणी आदल्या फाल्गुनात न आलेल्या पैशांनी केलेली असते. आणि ही पेरणी एकदा झाली की उशीर होतो. उशीर झाला की क्लायंट नाराज होतो. नाराज क्लायंट पैसे आणखी लांबवितो. शिस्तीचे घड्याळ ह्या चक्राला कोठेच शिवत नाही.

ह्या दृष्टीने पाहता दाटीवरचे खरे उपाय लेखनकलेच्या पुस्तकांत नसून कायद्याच्या पुस्तकांत सापडतात, हे कबूल करणे लेखकाला थोडे लाजिरवाणे वाटते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे, उद्यम म्हणून नोंदणी केलेल्या, सेवा पुरविणाऱ्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे खरेदीदाराने ठरल्या मुदतीत, आणि ती मुदत काही झाले तरी ४५ दिवसांपलीकडे नसताना, दिले पाहिजेत. लेखी ठराव नसेल तर १५ दिवसांत. नाही तर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या हिशेबातही अशी तरतूद आली की, ह्या मुदतीत न चुकविलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. ह्या दुसऱ्या तरतुदीचा परिणाम पहिलीपेक्षा अधिक झाला, कारण व्याजाची भीती कोणालाच नसते, पण हिशेबनिसाची सर्वांना असते. न्यूयॉर्क शहराने तर २०१७ पासून, ८०० डॉलर वा त्याहून अधिक रकमेच्या कामाला लेखी करार आणि करारात तारीख नसल्यास ३० दिवसांत मोबदला, असा स्वतंत्र कायदाच मुक्त कामगारांसाठी चालविला आहे. आपल्याकडील लेखकाने नोंदणी करावी, इन्व्हॉइसवर तो क्रमांक घालावा, निम्मी रक्कम बयाणा म्हणून आधी घ्यावी आणि दोनाहून अधिक फेऱ्यांच्या दुरुस्तीला वेगळा आकार लावावा, हे मी आता नवशिक्यांना सांगतो. बयाणा मागितल्याबरोबर निम्मी कामे आपोआप गळतात. रांग आखूड करण्याचे ह्याहून सौम्य साधन मला सापडलेले नाही.

दुसरी गोष्ट हक्कांची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरताच धरला जातो. पण आपण ‘सर्व हक्क कायमचे’ ह्या ओळीखाली चहा पिता पिता सही करतो. मग जुने लिखाण आपल्यासाठी काही मिळवीत नाही, आणि दर महिन्याचे अन्न नव्यानेच पिकवावे लागते. ज्याच्या दोन-चार जुन्या पुस्तकांची आवृत्ती अधूनमधून निघते, त्याच्या नकाराला एक निराळाच गोडवा असतो, हे मी जवळून पाहिले आहे.

यंत्राने लिहून घेण्याच्या नव्या सोयीविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिचे पुरते रूप अजून ठरावयाचे आहे. तिने मसुदे लवकर होतात ह्यात शंका नाही. पण हे क्लायंटलाही कळले आहे. म्हणून तो आता दोन दिवसांचे काम म्हणत नाही, दोन तासांचे म्हणतो, आणि पुष्कळदा यंत्राचाच मजकूर पाठवून ‘जरा नजर फिरवा’ एवढेच सांगतो. नजर फिरविण्याचा दर लिहिण्याच्या दरापेक्षा कमी असतो, आणि बिघडलेल्या वाक्याला सरळ करण्यास नव्या वाक्याहून अधिक वेळ लागतो. रांगेचे गणित तेच राहिले. माणसे मात्र दुप्पट वेगाने रांगेत येऊ लागली.

राहता राहिला नकार. मराठीत नकार देणे हे व्याकरणदृष्ट्या सोपे आणि व्यवहारदृष्ट्या दुष्कर आहे. ‘बघतो’, ‘जमवतो’, ‘कळवतो’ ही आपली तीन क्रियापदे होकार आणि नकार यांच्या सीमेवरील गावे आहेत. बोलणारा ती नकारात मोजतो आणि ऐकणारा होकारात. माझ्या विस्कटलेल्या हंगामांपैकी निदान दोहोंचे मूळ एकेका ‘बघतो’मध्ये होते, जो मी विसरलो आणि संपादकांनी अनुक्रमणिकेत छापला. म्हणून गेली काही वर्षे मी मेजापुढील भिंतीवर पंचांगाशेजारी एक कागद लावतो. त्यावर आषाढ ते आश्विन ह्या काळासाठी पाच रेघा असतात. चार भरल्या की पाचवी मी मुद्दाम मोकळी ठेवतो, म्हणजे शेकडा ८० चा हिशेब साधतो. मोठ्या क्लायंटना हे सांगितले की ते रागावत नाहीत. उलट पुढच्या वर्षीची रेघ आधीच मागून ठेवतात, आणि दर थोडा वाढविला तरी कुरकुरत नाहीत.

पण कोकणातील एका तालुक्याच्या गावाहून गेली एकोणीस वर्षे एक निवृत्त शिक्षक दिवाळी अंक काढतात. मानधन देण्याची त्यांची ऐपत नाही; अंकाबरोबर ते आमसुलांची पुडी पाठवतात. परवा त्यांचे कार्ड आले, कारण ते अजून कार्डच पाठवतात: ‘आपल्या व्यापाची कल्पना आहे. दोन पाने चालतील. नाही म्हटलेत तरी अंक पाठवीनच.’ भिंतीवरच्या चार रेघा तेव्हा भरलेल्या होत्या. मी उत्तरी लिहिले, ‘कळवतो.’